नकाशाने बदनाम केलेला गव्हर्नर

मतदारसंघांच्या सीमा आपल्या सोयीने आखून निवडणूक आधीच खिशात घालण्याच्या उद्योगाला जगभर ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. आपल्याकडेही मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की हा शब्द अग्रलेखांतून हटकून डोकावतो. ज्याच्या नावावरून तो आला, त्या एल्ब्रिज गेरीचे आडनाव मात्र ‘जेरी’ नव्हते. ‘ग’ने सुरू होणारे ‘गेरी’ होते. शब्दाने माणसाचे नाव घेतले आणि त्याचा उच्चारही बिघडवला. एवढे झाल्यावर त्याच्या उरलेल्या आयुष्याची आठवण कोण ठेवणार? वास्तविक अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर या माणसाची सही आहे, आणि त्याच देशाच्या राज्यघटनेवर ती मुद्दाम केलेली नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, बोस्टनच्या ईशान्येला मार्बलहेड नावाचे बंदर आहे. खडकाळ जमीन, शेतीला फारसा वाव नाही आणि सारा व्यवहार कॉड माशावर. गेरीचा जन्म तिथला, १७ जुलै १७४४ चा. वडील व्यापारी होते. सुकवलेला मासा स्पेन आणि बार्बाडोसकडे रवाना करायचा, तिकडचा माल आणायचा, असा घरचा धंदा. मुलगा हार्वर्डला शिकला, १७६२ मध्ये पदवीधर झाला आणि परत येऊन पेढीवर बसला. ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींवर लादलेले कर आणि निर्बंध या धंद्याच्या मुळावर येत होते. त्यामुळे राजकारण त्याच्या घरी आपल्या पायांनीच चालत आले. १७७२ मध्ये तो प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेला.

लोकांविषयी त्याच्या मनात कायम राहिलेली दुविधा बहुधा याच गावात रुजली. देवीच्या साथीत टोचणीसाठी त्याने काही सहकाऱ्यांसह जवळच्या कॅट बेटावर इस्पितळ काढले. रोग गावात पसरेल या भीतीने आणि इतर रागलोभांतून जमाव बिथरला आणि जानेवारी १७७४ मध्ये त्याने ते इस्पितळ जाळून टाकले. ज्यांच्यासाठी राजाशी भांडायचे, तेच लोक एका रात्रीत काय करू शकतात हे गेरीने पाहिले. उद्विग्न होऊन त्याने काही काळ सार्वजनिक कामातून अंग काढून घेतले. ब्रिटिशांनी त्याच वर्षी बोस्टनचे बंदर बंद केले, तेव्हा मदतीचा माल मार्बलहेडमार्गे आत नेण्याच्या कामाला तो पुन्हा जुंपला गेला.

१८ एप्रिल १७७५ ची रात्र त्याच्या चरित्रातली सर्वात नाट्यमय म्हणावी लागेल. मेनॉटमी या गावातल्या खाणावळीत तो, जेरेमाया ली आणि एझर ऑर्न मुक्कामाला होते. लेक्सिंग्टन-कॉन्कॉर्डकडे निघालेले ब्रिटिश सैन्य त्याच रस्त्याने आले आणि एक तुकडी खाणावळीकडे वळली. तिघेही रात्रीच्या कपड्यांतच मागच्या दाराने पळाले आणि शेतातल्या कापलेल्या कणसांच्या खुंटांत पालथे पडून राहिले. गेरी वाचला. ली मात्र त्या थंडीनंतर आजारी पडला आणि मे महिन्यात वारला.

पुढच्या वर्षी तो काँटिनेंटल काँग्रेसमध्ये गेला. जाहीरनाम्यावर बहुतेकांनी सह्या केल्या त्या दिवशी तो हजर नव्हता. त्याची सही नंतरची. युद्धकाळात सैन्याला रसद पुरवण्याच्या कामात व्यापाऱ्याचा हिशेबीपणा उपयोगी पडला. अंगाने किरकोळ, बोलताना किंचित अडखळणारा, पण हटवादी, अशी त्याची त्या काळातली ख्याती होती.

हा हटवादीपणा सर्वांत ठळकपणे दिसला तो १७८७ मध्ये फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत. मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी शेजच्या नेतृत्वाखाली केलेले बंड नुकतेच शमले होते आणि गेरीला लोकशाहीचा अतिरेक नको होता. त्याचबरोबर, केंद्राच्या हाती एकवटलेली सत्ताही त्याला तितकीच नको होती. मोठी आणि लहान राज्ये प्रतिनिधित्वावरून हमरीतुमरीवर आली, तेव्हा तोडगा काढण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार जागा आणि सेनेटमध्ये सर्व राज्यांना समान जागा, ही आजवर टिकलेली तडजोड त्या समितीतून पुढे आली. कोणाच्या मताला किती वजन असावे या प्रश्नाचा इतका जवळून अनुभव घेतलेली माणसे त्या पिढीत थोडीच होती. मसुदा पूर्ण झाल्यावर मात्र त्याने सही नाकारली. जॉर्ज मेसन आणि एडमंड रँडॉल्फ हे दोघे त्याच्यासोबत होते. नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, हा त्यांचा एक मोठा आक्षेप होता. पुढे पहिल्याच काँग्रेसमध्ये ती सनद आली, गेरीही त्या सभागृहात होता आणि एकदा संमत झालेली घटना त्याने प्रामाणिकपणे मानली.

फ्रान्सच्या प्रकरणाने त्याला पक्षीय राजकारणात ढकलले. १७९७ मध्ये अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी जॉन मार्शल, चार्ल्स पिंकनी आणि गेरी यांना पॅरिसला पाठवले. फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या हस्तकांनी वाटाघाटींसाठी लाच मागितली. दोघे चिडून परतले. आपण गेलो तर युद्ध होईल या भीतीने गेरी एकटाच थांबला. मायदेशी फेडरलिस्टांनी त्याला फ्रेंचधार्जिणा ठरवले आणि त्याच्या कुटुंबालाही जाच सोसावा लागला. त्यानंतर तो जेफर्सन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे सरकला. (नावावरून घोटाळा नको, आजचा रिपब्लिकन पक्ष हा नव्हे.) १८०० पासून गव्हर्नरपदासाठी तो वारंवार हरला आणि अखेर १८१० मध्ये जिंकला. पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकला, कारण तिथे गव्हर्नरची निवडणूक दरवर्षी होत असे.

पहिल्या वर्षी तो सलोख्याने वागला. दुसऱ्या वर्षी सूर बदलला. इंग्लंडशी युद्धाचे ढग जमत होते, व्यापारबंदीने किनाऱ्यावरची गलबते सडली होती आणि फेडरलिस्ट पक्ष सरकारविरुद्ध उघड बोलत होता. हा विरोध आता राजद्रोहाकडे झुकत आहे अशी गेरीची खात्री झाली. विरोधकांना पदांवरून काढणे सुरू झाले. बोस्टनच्या वृत्तपत्रांतील बदनामीकारक मजकुराची मोजदाद करून ती विधिमंडळापुढे ठेवण्यापर्यंत मजल गेली. अनियंत्रित सत्तेच्या भीतीने घटनेवर सही नाकारणारा हाच तो माणूस, हे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

आता त्या सुप्रसिद्ध नकाशाकडे येऊ. राज्याच्या सेनेटमध्ये ४० जागा होत्या. त्या मतदारसंघांना लोकसंख्येप्रमाणे नव्हे, तर भरलेल्या कराच्या प्रमाणात मिळत. काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, हाच साधारण मतदारसंघ. पण १७८० च्या राज्यघटनेने सीमा बदलण्याचा अधिकार विधिमंडळालाच दिला होता. म्हणजे जे झाले ते बेकायदा नव्हते आणि खरी गोम तिथेच आहे.

एसेक्स काउंटीचा भूगोल डोळ्यांसमोर आणा. उत्तरेला मेरिमॅक नदी, पूर्वेला अटलांटिक, दक्षिणेला बोस्टनची वेस. न्यूबरीपोर्ट, इप्सविच, ग्लॉस्टर, बेव्हर्ली ही पूर्व बाजूची गावे फेडरलिस्ट व्यापाऱ्यांची. या काउंटीतल्या पुढाऱ्यांचा दबदबा एवढा होता की त्यांच्या कंपूला ‘एसेक्स जुंटा’ असेच नाव पडले होते. काउंटीच्या पाचही जागा त्यांच्याकडे जात. रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने काय केले? किनाऱ्यावरचा तो गठ्ठा आत बंद करून त्याला दोन जागा दिल्या. त्याभोवती पट्टा ओढला, तो असा: नदीच्या मुखाजवळचे सॅलिस्बरी, तिथून पश्चिमेला एम्सबरी, हेव्हरिल, मेथ्युएन, मग दक्षिणेला वळून अँडोव्हर, मिडलटन, डॅन्व्हर्स, लिनफील्ड, लिन, पूर्वेला पुन्हा समुद्राकडे सेलम आणि मार्बलहेड, आणि शेपटाला काउंटीबाहेरचे चेल्सी. या लांबलचक पट्ट्याला तीन जागा. मार्बलहेडच्या कोळ्यांची मते गेरीच्या पक्षाची हक्काची होती. ती सेलमच्या विरोधी मतांवर भारी पडावीत असा हिशेब होता. त्या विचित्र आकृतीच्या टोकाला खुद्द गव्हर्नरचेच जन्मगाव अडकवलेले होते.

११ फेब्रुवारी १८१२ रोजी गेरीने विधेयकावर सही केली. नकाशा त्याने आखला नव्हता, आणि त्याच्या जावयाने, जेम्स ऑस्टिन यांनी, पुढे लिहिलेल्या चरित्रावरून हे विधेयक त्याला मनातून रुचले नव्हते असे दिसते. जावयाची साक्ष कितपत धरायची हा प्रश्न आहेच. पण ती खरी मानली तरी गेरीचा दोष कमी होत नाही, उलट वाढतो. नकाराधिकार त्याच्या हाती होता आणि नाही म्हणण्याचे धैर्य त्याने पूर्वी याहून मोठ्या सभेत दाखवले होते.

२६ मार्चला बोस्टन गॅझेटमध्ये त्या मतदारसंघाचे चित्र झळकले. कोणी तरी नकाशाला पंख, नख्या आणि दात जोडले होते. सरड्यासारख्या दिसणाऱ्या सॅलॅमँडर या प्राण्याच्या नावाला गव्हर्नरचे आडनाव चिकटवून ‘गेरीमँडर’ हा शब्द बनला. हे बारसे कोणी केले याच्या अनेक कथा आहेत. चित्र एल्काना टिस्डेल याचे मानले जाते.

निकाल एप्रिलमध्ये लागला. सेनेटसाठी फेडरलिस्टांना राज्यभरात ५१,७६६ मते पडली, रिपब्लिकनांना ५०,१६४. जागा मात्र फेडरलिस्टांना ११ आणि रिपब्लिकनांना २९. एसेक्समध्ये ठरल्याप्रमाणे तीन आणि दोन. गव्हर्नरच्या निवडणुकीत सीमा आखण्याची सोय नव्हती. तिथे सारे राज्य हाच एक मतदारसंघ. तिथे केलेब स्ट्राँग यांनी गेरीला दीड हजारांहून कमी मतांनी हरवले. ज्या कायद्याने पक्षाला सेनेट मिळवून दिली, त्यावर सही करणाऱ्याचीच खुर्ची गेली. पुढच्या वर्षी फेडरलिस्टांनी सेनेटही परत मिळवली आणि तो कायदा रद्द केला. नकाशा फार काळ टिकला नाही.

गेरी हा या युक्तीचा जनक नव्हे, हेही सांगायला हवे. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीच्या प्रभावाखालच्या विधिमंडळाने जेम्स मॅडिसन यांना अडचणीचा मतदारसंघ आखून दिला असे मानले जाते. तरीही १७८९ मध्ये मॅडिसन जिंकले. योगायोग असा की, हेच मॅडिसन अध्यक्ष असताना १८१२ मध्ये पक्षाने उपाध्यक्षपदासाठी गेरीचे नाव पुढे केले. अमेरिकेत यावर न्यायालयीन लढाया आजवर झाल्या. मतदारसंघांची लोकसंख्या समान हवी हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकात ठरवले. पण पक्षीय हेतूने केलेल्या आखणीत संघीय न्यायालये हस्तक्षेप करू शकत नाहीत, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी २०१९ मध्ये दिला.

आपण हे काम विधिमंडळाकडे न ठेवता परिसीमन आयोगाकडे सोपवले आणि त्याच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याची वाटही जवळजवळ बंद ठेवली. न्या. कुलदीप सिंग यांच्या आयोगाची पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली, तेव्हा महाराष्ट्राच्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या; पण मुंबई शहर जिल्ह्याच्या जागा १७ वरून १० झाल्या, उपनगराच्या १७ वरून २६ आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ वरून २४. माणसे गिरगाव-परळकडून विरार-डोंबिवलीकडे सरकली, त्यांच्यामागोमाग आमदारही सरकले. त्या वेळी हक्काचा मतदारसंघ गमावलेल्या पुढाऱ्यांनी आयोगाला कोणती दूषणे दिली ते वाचकांना आठवत असेल. पण तिथे गेरीमँडरसारखे एका पक्षाच्या कचेरीत बेतलेले चित्र काढता आले नसते.

गेरीचे शेवटचे दिवस ओढगस्तीचे गेले. ४ मार्च १८१३ रोजी तो उपाध्यक्ष झाला. कर्जाने घर पोखरले होते, प्रकृती ढासळली होती. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले आणि सेनेट दुसऱ्या इमारतीत भरू लागली. २३ नोव्हेंबरला सकाळी तिकडेच निघाला असताना घोडागाडीत त्याला मृत्यू आला. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी वॉशिंग्टन शहरात दफन झालेला तो एकटाच.

त्याच्या उरलेल्या मुदतीचे वेतन पत्नी अ‍ॅन हिला द्यावे असा ठराव सेनेटने केला, पण प्रतिनिधिगृहाने तो मानला नाही. दफनभूमीत सरकारी खर्चाने स्मारक मात्र १८२३ मध्ये उभे राहिले. अ‍ॅन त्यानंतरही बरीच वर्षे जगली. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांच्या विधवांपैकी ती शेवटची. १८४९ मध्ये ती वारली.