सुधांशुकुमार बॅनर्जी

सुधांशुकुमार बॅनर्जी (इ.स. १८९३ – इ.स. १९६६) हे भारतीय गणितज्ञ, भूभौतिकशास्त्रज्ञ व हवामानशास्त्रज्ञ होते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या महानिदेशकपदी नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत. भर समुद्रात असलेल्या चक्रीवादळांमुळे जमिनीत निर्माण होणाऱ्या सूक्ष्मकंपांचा त्यांनी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत केलेला अभ्यास विशेष महत्त्वाचा मानला जातो.

सुरुवातीची कारकीर्द

बॅनर्जी यांची जडणघडण कोलकात्यात झाली. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या संशोधन-वर्तुळात त्यांनी ध्वनिशास्त्रावर काम केले. दोन गोळे एकमेकांवर आदळल्यावर हवेत निर्माण होणाऱ्या ध्वनितरंगांविषयीचे त्यांचे लेख इ.स. १९१६ ते १९१८ या काळात प्रसिद्ध झाले. गणेश प्रसाद यांच्यानंतर ते कोलकाता विद्यापीठात उपयोजित गणिताचे रासबिहारी घोष प्राध्यापक झाले. इ.स. १९२२ मध्ये त्यांनी हवामान खात्यात प्रवेश केला व कुलाबा-अलिबाग वेधशाळेचे संचालकपद स्वीकारले.

वादळांचा मागोवा : तत्कालीन अडचण

भारतीय समुद्रांत चक्रीवादळे प्रामुख्याने एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन हंगामांत निर्माण होतात. इ.स. १९२० च्या दशकात उपग्रह किंवा हवामान रडार नव्हते. वादळाचे स्थान ठरवण्यासाठी किनाऱ्यावरील वायुभाराच्या नोंदी आणि जहाजांकडून बिनतारी यंत्रणेने येणारे संदेश एवढाच आधार होता. यातही एक पेच होता. इशारा मिळालेली जहाजे स्वाभाविकपणेच वादळाच्या वाटेतून दूर जात. परिणामी जेथील नोंदींची सर्वाधिक गरज असे, तेथूनच नोंदी येणे थांबे. वादळ किनाऱ्याजवळ येईपर्यंत त्याचा नेमका मार्ग अनिश्चित राही आणि बंदरे, मासेमारी होड्या व किनाऱ्यावरील वस्ती यांना तयारीसाठी फार थोडा वेळ मिळे.

कुलाब्यातील संशोधन

कुलाबा वेधशाळेतील भूकंपमापकांवर भूकंप नसतानाही काही सेकंदांच्या आवर्तकालाचे बारीक कंप सतत नोंदले जात. यांना सूक्ष्मकंप म्हणतात. बॅनर्जी यांनी या नोंदी अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरातील हवामानाच्या नकाशांशी ताडून पाहिल्या. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळातील कंप आणि चक्रीवादळांच्या वेळचे कंप यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. या अभ्यासावरील त्यांचा विस्तृत निबंध इ.स. १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

सूक्ष्मकंप हे किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांमुळे होतात, असे मत त्या काळी युरोपात प्रचलित होते. बॅनर्जी यांच्या मते मात्र वादळ खोल समुद्रात असतानाच, म्हणजे त्याच्या लाटा किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच, कंप वाढू लागतात. हा युक्तिवाद वेगांच्या फरकावरून समजून घेता येतो. दहा सेकंद आवर्तकालाच्या लाटांच्या समूहाला खोल समुद्रात १,००० किलोमीटर अंतर कापण्यास साधारण दीड दिवस लागतो. कवचातून सेकंदाला सुमारे तीन किलोमीटर वेगाने जाणारे कंप तेच अंतर पाच-सहा मिनिटांत पार करतात. त्यामुळे सूक्ष्मकंपांत दूरच्या वादळाची आगाऊ सूचना दडलेली असण्याची शक्यता निर्माण झाली.

सिद्धान्त व त्याच्या मर्यादा

समुद्राच्या पृष्ठभागावरील लाटांचा दाब खोल तळापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न मात्र कठीण होता. रूढ गणितानुसार हा दाब खोलीबरोबर झपाट्याने क्षीण होतो. बॅनर्जी यांनी पाण्याची संपीड्यता विचारात घेऊन इ.स. १९३५ मध्ये आपला सिद्धान्त मांडला. तथापि त्याने शंकांचे पूर्ण निरसन झाले नाही. इ.स. १९५० मध्ये ब्रिटिश गणितज्ञ मायकेल लाँग्वे-हिगिन्स यांनी याचा समाधानकारक उलगडा केला. समान आवर्तकालाच्या व परस्परविरुद्ध दिशांच्या लाटा एकत्र आल्यास, लाटांच्या दुप्पट वारंवारतेचा आणि खोलीबरोबर क्षीण न होणारा दाब निर्माण होतो, असे त्यांनी दाखवले. खोल समुद्रातील वादळाचे कंप जमिनीवर नोंदले जाऊ शकतात, या बॅनर्जी यांच्या मूळ निष्कर्षाला त्यामुळे सैद्धान्तिक आधार मिळाला.

दरम्यान इ.स. १९४४ पासून अमेरिकी नौदलाने क्युबातील ग्वांतानामो येथे त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर भूकंपमापक बसवून कॅरिबियन समुद्रातील हरिकेन वादळांची दिशा शोधण्याचे प्रयोग केले. तिन्ही ठिकाणी कंप पोहोचण्याच्या वेळेतील फरकावरून दिशा काढली जाई. परंतु भूकवचातून जाताना कंपांचा मार्ग वळत असल्याने दिशेत चूक होई. पुढे टेहळणी विमाने, रडार आणि उपग्रह यांच्या आगमनानंतर वादळांच्या मागोव्यासाठी ही पद्धत मागे पडली.

पुणे व महानिदेशकपद

हवामान खात्याचे मुख्यालय इ.स. १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगर येथील त्याची इमारत आजही सिमला ऑफिस या नावाने ओळखली जाते. कुलाब्यानंतर बॅनर्जी यांनी पुण्यात काम केले. इ.स. १९४४ मध्ये चार्ल्स नॉर्मंड यांच्यानंतर ते महानिदेशक झाले. त्याच वर्षी मुख्यालय दिल्लीला हलवण्यात आले. तथापि पुण्यातील कार्यालय हे खात्याचे एक प्रमुख केंद्र राहिले. फाळणीमुळे झालेले खात्याचे विभाजन आणि स्वातंत्र्यानंतरची पुनर्रचना त्यांच्या कार्यकाळात पार पडली. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला तडाखा देणारे चक्रीवादळही याच काळातील होय. इ.स. १९५० मध्ये खात्याचे संशोधन नियतकालिक सुरू झाले. ते आता मौसम या नावाने प्रसिद्ध होते. त्याच वर्षी बॅनर्जी पदावरून निवृत्त झाले व वि. वि. सोहोनी महानिदेशक झाले.

इतर संशोधन व वारसा

गडगडाटी ढगांचे विद्युत क्षेत्र आणि भारतातील पर्वतरांगांचा समभार रेषांच्या रचनेवर होणारा परिणाम या विषयांवरही बॅनर्जी यांनी लेखन केले. सूक्ष्मकंपांचा उपयोग आज वादळांचा इशारा देण्यासाठी होत नसला, तरी त्यांचा अभ्यास थांबलेला नाही. भूकंपमापकांच्या जुन्या नोंदींवरून उपग्रहपूर्व काळातील समुद्री वादळांची व लाटांची माहिती मिळवण्याचे प्रयत्न जगभर होत आहेत.