समुद्राचा हिशेब मांडणारा हेन्सन

आम्हा आयटीवाल्यांना सॅम्पलवरून अंदाज बांधायची सवय असते. पण जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या व्हिक्टर हेन्सनने (१८३५–१९२४) चक्क अटलांटिकचंच सॅम्पल घेतलं! समुद्र किती मासे पोसू शकतो, हे त्याला शोधायचं होतं. माशांच्या अन्नसाखळीच्या मुळाशी असलेल्या, पाण्यासोबत वाहणाऱ्या जीवांना ‘प्लँक्टन’ हे नाव त्यानेच १८८७ साली दिलं. १८८९ मध्ये ‘नॅशनल’ बोटीवरून ठिकठिकाणी जाळी सोडून त्याने ते मोजले. अपेक्षा होती उष्ण समुद्रात जास्त सापडतील. सापडले थंड उत्तरेत! हे जीव सारखे पसरलेले नसतात, मग मोजून काय उपयोग, म्हणून प्रख्यात हेकेलने झोड उठवली. ते पुंजक्यांनी असतात, हे खरंच. पण थंडीत पाणी ढवळून खालची पोषकद्रव्यं वर येतात, म्हणून उत्तरेत सुबत्ता. आज उपग्रह समुद्राच्या रंगावरून हाच हिशेब मांडतात. मला विचाराल तर, मोजायला सुरुवात करणारा हेन्सनच जिंकला.