नेच्यांची नोंद ठेवणारे फादर ब्लॅटर

पावसाळा सुरू झाला की पालघर, बोईसर, तारापूर परिसरातील जुन्या दगडी भिंती आणि विहिरींच्या कडा नेच्यांनी हिरव्या होतात. त्यांतला हंसराज आपल्या परिचयाचा. नेच्याला ना फूल, ना फळ. म्हणून आपण सहसा त्याच्याकडे वळून पाहत नाही. मुंबई इलाख्यातील या उपेक्षित वनस्पतींचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे वाटते.

१५ डिसेंबर १८७७ रोजी स्वित्झर्लंडमधील रेबस्टाइन येथे त्यांचा जन्म झाला. १८९६ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि १९०३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात आले. तेव्हा त्यांची गुरुदीक्षाही व्हायची होती. १९०६ साली तेथे वनस्पतिसंग्रहाचा पाया घातला गेला. ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी ते युरोपला गेले आणि १९१५ मध्ये परतले. १९१९ ते १९२४ या काळात ते प्राचार्य होते. याच कार्यभारात, १९२२ साली, जे. एफ. डी'आल्मेडा यांच्यासह त्यांनी मुंबई परिसरातील नेच्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

हे काम चिकाटीचे असते. केवळ सुंदर पान खुडून भागत नाही. पानाच्या मागील बाजूस बीजाणूंचे तपकिरी ठिपके असतात. त्यांचा आकार आणि मांडणी पाहिल्याशिवाय जात निश्चित होत नाही. जमिनीतील खोड व त्यावरील खवलेही तपासावे लागतात. नमुना कागदांत दाबायचा, दमट हवेत बुरशी लागू नये म्हणून कागद वारंवार बदलायचे, मग तो जाड कागदावर चिकटवून नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे. ही चिठ्ठी नसेल, तर तो नमुना केवळ वाळका पाला ठरतो.

प्रकृती ढासळल्यावर फादर पाचगणीला राहू लागले. लेखन मात्र थांबले नाही. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने ब्रूल स्मृतिपदक देऊन त्यांचा गौरव केला. २६ मे १९३४ रोजी पुण्यात ते प्रभुचरणी विलीन झाले. पुढे फादर सांतापाव, ये.सं. यांनी हा वारसा समृद्ध केला. ब्लॅटर हर्बेरियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहात आज सुमारे दोन लाख नमुने आहेत.

आज आपल्या भागात जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा बसतो, विहिरी बुजतात, ओहोळांवर भराव पडतो. तेथे पूर्वी काय उगवत होते, हे उद्या कोण सांगणार? नोंद झाली असेल, तरच उत्तर मिळेल. निर्मात्याने भिंतीच्या फटीत ठेवलेल्या इवल्या रोपालाही नावाने ओळखणे, ही फादर ब्लॅटर यांची शिकवण आपण जपू या.