किनारा जाणणारा सरखेल

मुंबई बंदरातून बाहेर पडलेली शिडाची नौका दक्षिणेकडे वळली, की डाव्या हाताला थळचा किनारा आणि त्याच्या समोर उंदेरी, खांदेरी ही बेटे दिसू लागतात. किनाऱ्यालगतच्या नौकानयनाचे प्रगत शिक्षण घेणाऱ्याला आज येथे सागरी नकाशातील खोलीचे आकडे, भरती-ओहोटीचे कोष्टक आणि दीपगृहाची दिशा यांचा मेळ घालावा लागतो. तीनशे वर्षांपूर्वी याच पाण्यात हे सारे ज्ञान तांडेलांच्या आणि खलाशांच्या स्मरणात साठवलेले असे. त्या ज्ञानाच्या बळावर ज्यांनी समुद्रावर सत्ता गाजवली, ते सरखेल कान्होजी आंग्रे.

कान्होजींचा जन्म सुमारे १६६९ चा. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या आरमारात होते. सुवर्णदुर्ग आणि हर्णैचा परिसर हीच कान्होजींची पाठशाळा. किल्लेदार सुवर्णदुर्ग शत्रूच्या हवाली करण्याच्या बेतात असता तरुण कान्होजींनी तो राखला, असे परंपरा सांगते. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर आरमाराची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या वेळचा किनारा अनेकांत वाटला गेला होता. मुंबईचे बेट इंग्रजांकडे, जंजिरा सिद्दीकडे. आज जेथे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड गजबजली आहेत ती साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. या साऱ्यांची जहाजे मोठी, तोफा अधिक. समोरासमोरच्या लढाईत त्यांच्यापुढे मराठ्यांचा निभाव लागणे कठीण होते. कान्होजींचे वेगळेपण असे, की त्यांनी मोठ्या जहाजांच्या स्पर्धेत शिरण्याऐवजी किनाऱ्यालाच आपला साथीदार केले.

त्यांच्या आरमाराचा कणा म्हणजे गुराबा आणि गलबते. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तळ उथळ, नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. पावसाळा सरल्यावर कोकणात रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. या दोहोंच्या मधल्या वेळेत वारा पडतो. परदेशी जहाज शिडे लोंबकळत जागीच अडकून पडे, ती हीच वेळ. गलबते वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढत आणत आणि शत्रूच्या पिछाडीस धरत. जहाजाच्या पिछाडीला तोफा थोड्या असतात, बाजूच्या तोफा तिकडे वळत नाहीत. शिडे आणि डोलकाठ्या मोडल्या, की माणसे तलवारी घेऊन वर चढत. वारा पुन्हा उठून पारडे फिरलेच, तर उथळ खाडीत शिरावे. खोल तळाच्या जहाजाची तेथे पाठलाग करण्याची छाती होत नसे. उधाणाला किती पाणी चढते, ओहोटीला कोठे खडक उघडा पडतो, हे ज्याला पाठ आहे त्यालाच हे साधावे.

नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर विल्यम एस्लाबी यांची सशस्त्र याट ‘अल्जेरिन’ कान्होजींच्या आरमाराने पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन त्या चकमकीत मारला गेला, त्याची पत्नी कैद झाली. पुढील फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिची आणि नौकेची सुटका झाली. इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवले ते अशा प्रसंगांवरून. परंतु जहाजांना दस्तक देणे आणि ज्याच्यापाशी दस्तक नाही त्याला अडवणे, हे पोर्तुगीज दोन शतके करीत आले होते. आपल्या किनाऱ्यावर तोच हक्क मराठी सरखेलाने सांगितला, तर त्याला चाचेगिरी म्हणणे हा सोयीचा न्याय होता.

१७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि सरखेलपद कायम झाले. १७१५ अखेर मुंबईस आलेल्या गव्हर्नर चार्ल्स बून यांनी मग त्यांच्याविरुद्ध मोहिमांचा सपाटाच लावला. १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी, १७२० मध्ये तरंगत्या तोफखान्यासह पुन्हा विजयदुर्ग. हाती काही लागले नाही. १७२१ च्या अखेरीस इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील कमोडोर मॅथ्यूज यांची जहाजे आणि पोर्तुगीज फौज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेली. हा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, भरतीला चहूकडून पाण्याने वेढला जातो. शाहू महाराजांनी पाठवलेली कुमक वेळेवर पोहोचली, पोर्तुगीजांनी वेगळा तह केला आणि इंग्रज रिकाम्या हाताने मुंबईस परतले. १७२४ मध्ये विजयदुर्गावर आलेल्या डचांचीही तीच गत झाली.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. पुत्रांमध्ये भाऊबंदकी माजली, आंग्र्यांची सत्ता कुलाबा आणि विजयदुर्ग अशी दुभंगली. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जाळले, तेव्हा जमिनीच्या बाजूने त्यांच्या साहाय्यास पेशव्यांचीच फौज होती. जे आरमार परक्यांना चाळीस वर्षांत बुडवता आले नव्हते, त्याचा नाश असा घरच्यांच्या साक्षीने झाला.

१९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. खांदेरीवर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह आजही कान्होजी आंग्रे यांच्याच नावाने ओळखले जाते, आणि अंधारात मुंबईकडे येणारा नाविक त्याच्या प्रकाशावरून आपली जागा ठरवतो.