परदेशाची पूर्वओळख : डॉ. आनंदीबाई जोशी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहिले ते हुगळीच्या काठावरील, बंगालमधील श्रीरामपूर. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या गावी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पोस्टखात्याच्या नोकरीमुळे एक मराठी दांपत्य येऊन राहिले होते. आमच्या मंडळातील बहुतेक सभासदांप्रमाणे तेही बदलीच्या हुकुमाने इकडे आलेले. आजूबाजूला आपली भाषा नाही, आप्त नाहीत, सणवाराला हाक मारावी असे घर नाही. त्या घरातील अठरा वर्षांची गृहिणी १८८३ साली तेथूनच अमेरिकेस जाण्यास निघाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. पहिल्या हिंदू स्त्री-डॉक्टरांपैकी एक म्हणून शाळेच्या पुस्तकांतून आपण त्यांना ओळखतो. परंतु महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वी त्यांनी त्या अपरिचित देशाची ओळख कशी करून घेतली, हा भाग सहसा दोन ओळींत आटोपला जातो. आज मंडळातील अनेक घरांतील मुले-मुली परदेशच्या विद्यापीठांत शिकावयास जातात. त्यांच्या दृष्टीने हाच भाग अधिक मोलाचा आहे असे आम्हांस वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेर कल्याणचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, विधुर, पोस्टात कारकून. पत्नीस शिकवावयाचेच, हा त्यांचा हट्ट. तो पुरा करताना त्यांची वागणूक कित्येकदा कठोर झाली, हेही चरित्रकारांनी लपविलेले नाही. आनंदीबाई चौदाव्या वर्षी माता झाल्या. मूल अवघे दहा दिवस जगले. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर ते वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात कायमची राहिली. पुरुष वैद्यास नाडी दाखविण्यापेक्षा मरण बरे मानणाऱ्या असंख्य भगिनींसाठी आपण स्वतः डॉक्टर व्हावे, हा निश्चय याच दुःखातून उपजला.

अमेरिकेचा विचार प्रथम सुचला तो कोल्हापुरात. तेथील मिशनऱ्यांशी गोपाळरावांचा परिचय झाला आणि पत्नीच्या शिक्षणाची व आपल्या नोकरीची काही सोय अमेरिकेत होईल काय, अशी विचारणा त्यांनी पत्राने केली. हे पत्र रेव्हरंड वाइल्डर यांच्याकडे गेले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरासच मिशनरी होते आणि स्वदेशी परतल्यावर एक मिशनरी मासिक चालवीत होते. धर्मांतराची अपेक्षा सुचविणारे उत्तर त्यांनी पाठविले आणि तो पत्रव्यवहार मासिकात छापून टाकला. धर्म सोडून शिक्षण घेणे जोशी दांपत्यास मान्य नव्हते. येथेच सारे थांबावयाचे. परंतु न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर या दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता हे मासिक त्यांच्या हाती पडले. दूरदेशीच्या त्या अनोळखी तरुणीविषयी त्यांना आपुलकी वाटली आणि १८८० मध्ये त्यांनी आपण होऊन पत्र धाडले.

या पत्रापासून आनंदीबाईंच्या परदेशाच्या अभ्यासास आरंभ झाला, असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेस प्रत्यक्ष जाण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे ही पत्रे चालू होती. टपाल पोहोचावयास आठवड्यांमागून आठवडे लागत. गोपाळरावांच्या बदल्या मुंबई, भूज, कलकत्ता अशा होत गेल्या आणि पत्रांचा पत्ताही बदलत राहिला. तरीही खंड पडला नाही. आनंदीबाईंनी आपल्याकडील विवाह, आहार, व्रते, स्त्रियांची स्थिती यांविषयी लिहावे आणि कार्पेंटरबाईंनी तिकडच्या घरांविषयी व रीतीभातींविषयी कळवावे, असा हा क्रम होता. पुढे ही ओळख मावशी-भाचीच्या नात्यास पोहोचली. कलकत्त्यास आनंदीबाईंना डोकेदुखी, ताप आणि अशक्तपणा यांनी घेरले, तेव्हा मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली. ज्या देशाचा किनाराही पाहिला नाही, त्या देशातील एक घर त्यांना अशा रीतीने आपलेसे झाले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही पूर्वतयारी एकतर्फी नव्हती. परक्या देशाचे वर्णन ऐकता ऐकता आनंदीबाईंना आपल्या देशाचे वर्णन करावे लागत होते, तेही परक्या भाषेत. आपण जे रोज करतो ते का करतो, याचा विचार घरी बसून कोण करतो? तो त्यांना करावा लागला. आपल्या चालीरीतींपैकी कशाचे समर्थन करावे आणि कशाविषयी दुःख मानावे, याची निवड ओघानेच झाली. आम्ही स्वतः नोकरीच्या निमित्ताने अनेक प्रांतांत राहिलो आहोत. शेजाऱ्याने गुढीचा अर्थ विचारल्यावर आपली तारांबळ कशी उडते, याचा अनुभव आम्हांस आहे. आनंदीबाईंनी ही परीक्षा पंधरा-सोळाव्या वर्षीच दिली.

कलकत्त्यातील आणि श्रीरामपुरातील दिवस सुखाचे नव्हते. पतीबरोबर उघडपणे रस्त्याने चालणारी स्त्री हा तेथे कुतूहलाचा आणि टवाळीचा विषय होई. प्रारंभी दोघांनी मिळून अमेरिकेस जाण्याचा विचार होता. अखेर आनंदीबाईंनी एकटीनेच जावे असे ठरले. थॉर्बर्न नावाच्या परिचित दांपत्याने पेनसिल्व्हानियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाचे नाव सुचविले. बातमी फुटताच दोन्ही बाजूंनी गहजब झाला. सनातन्यांना समुद्रपर्यटन नको होते, तर मिशनऱ्यांपैकी काहींना त्यांनी आधी ख्रिस्ती व्हावे असे वाटत होते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. मी अमेरिकेस का जाते, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकटी का जाते, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, असे लोकांच्या मनातील प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. वैद्यकीचा धंदा स्त्रीस्वभावास न शोभणारा नसून हिंदुस्थानास स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, हेही त्यांनी आग्रहाने सांगितले. भाषणाची वार्ता देशभर पसरली आणि साहाय्यार्थ देणग्याही आल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या. स्वतःचे असे माणूस एकही नव्हते. शाकाहारी ब्राह्मण स्त्रीचे त्या काळच्या बोटीवर काय हाल झाले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. नेण्यासाठी कार्पेंटर मावशी स्वतः आल्या होत्या.

महाविद्यालय सुरू व्हावयाचे होते ऑक्टोबरात. मधले जवळजवळ चार महिने आनंदीबाई रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. त्या पाहुणी म्हणून दिवाणखान्यात बसल्या नाहीत. घरातील कामांत हातभार लावावा, मुलांशी खेळावे, त्यांना आपल्याकडील गोष्टी सांगाव्यात, आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून शेजारणींना जेवू घालावे, त्यांना लुगडे नेसवून दाखवावे, असा त्यांचा दिनक्रम होता. पुस्तकी इंग्रजी त्यांना उत्तम येत होते. परंतु घरातील, बाजारातील, लहान मुलाच्या तोंडचे इंग्रजी या चार महिन्यांत त्यांच्या कानावर पडले. कोणाच्या घरी कसे जावे, कोणत्या प्रश्नाचा राग मानू नये, कोठे नकार देता येतो आणि तो कसा द्यावा, हे शिक्षण कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नसते. ते घरातच मिळते.

महाविद्यालयाशी पत्रव्यवहारही त्यांनी याच घरातून केला. जून महिन्याच्या अखेरीस प्रवेशासाठी जे पत्र त्यांनी लिहिले, त्यात आपल्या शिक्षणातील उणिवांची प्रामाणिक कबुली आहे. प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकणार नाही, परंतु आप्त व जात यांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो, तो निश्चयच आपली ही उणीव भरून काढील, असा त्याचा आशय आहे. पुरुष डॉक्टरची मदत घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा, हा हेतूही त्यांनी स्पष्ट केला. अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीचीही व्यवस्था झाली.

ऑक्टोबर १८८३ पासून फिलाडेल्फियातील जीवन सुरू झाले आणि पूर्वओळखीची मर्यादाही तेव्हाच कळून आली. रोझेल येथील मुक्काम जून ते सप्टेंबरचा, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याचा. जो देश आनंदीबाईंनी चार महिने पाहिला, तो उबदार, हिरवा आणि आप्तांनी भरलेला होता. हिवाळ्यातील अमेरिका त्यांना अपरिचित होती आणि तिची ओळख त्यांना एकटीलाच करून घ्यावी लागली. राहत्या खोलीतील शेगडी पेटविली तर धूर कोंडे, न पेटविली तर थंडीने अंग गारठे. नऊवारी लुगडे त्या हवेस अपुरे पडे, शिवाय त्यात पोटऱ्या उघड्या राहात. म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. तिकडचा पोशाख मात्र त्यांनी घेतला नाही. स्वतःचे अन्न स्वतः रांधावे आणि उरलेल्या वेळात शरीरशास्त्राची जाड पुस्तके वाचावी, असा जीवनक्रम मुळातच अशक्त असलेल्या प्रकृतीस झेपणारा नव्हता. थंडी आणि अपरिचित आहार यांनी शरीर खंगत गेले आणि पुढे क्षयाने गाठले.

तरीही अभ्यासात खंड पडला नाही. त्याच महाविद्यालयात जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली याही शिकत होत्या. १८८५ मध्ये या तिघींचे आपापल्या देशी वेषातील एकत्र छायाचित्र घेतले गेले. ते आजही पाहावयास मिळते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्याकडील सुइणीच्या ज्ञानाकडे आणि प्राचीन ग्रंथांकडे पाठ न फिरविता परक्या विद्यापीठात तोच विषय निवडावा, यात त्यांचा पिंड दिसून येतो. समारंभास गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नेमणूक केली. अमेरिकेचा विचार ज्या गावी सुचला, त्याच गावी विद्येचा उपयोग व्हावयाचा होता. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. स्वागत मोठे झाले. परंतु शरीर पार थकले होते. कोल्हापूरच्या कामाचा भार त्यांना उचलता आलाच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाभर उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. दुसऱ्याच वर्षी, १८८८ मध्ये कॅरोलिन हीली डॉल यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र १९१२ मध्ये आले आणि श्री. ज. जोशी यांच्या १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने हे नाव घरोघरी नेले.

मग या साऱ्या तयारीचा उपयोग काय झाला, असा प्रश्न कोणी विचारील. एकाही रुग्णास आपल्या रुग्णालयात तपासण्यापूर्वी ज्यांचे आयुष्य संपले, त्यांच्या यशापयशाचा हिशेब मांडणे कठीणच. आम्हांस एवढेच जाणवते, की परका देश त्यांनी पुस्तकांतून नव्हे, तर एका घरातून ओळखला. म्हणून त्या तेथे हरवल्या नाहीत. आणि जो भाग ओळखावयाचा राहिला, त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. आजच्या विद्यार्थ्यापाशी नकाशे, चित्रफिती, क्षणात होणारे दूरध्वनी आहेत. गावाचे प्रत्येक वळण त्याला आधीच पाहता येते. तरी पहिल्या थंडीत खोलीत ऊब कशी ठेवावी आणि ताप आला तर कोणास बोलवावे, हे सांगणारे माणूस त्याला लागतेच.

आपल्या मंडळाची पन्नास वर्षे पाहिली, तर त्यातील फार मोठे काम हेच आहे. स्टेशनवर उतरलेल्या नव्या कुटुंबास पहिले आठ दिवस जेवू घालणे, मुलांच्या शाळेची व भाड्याच्या घराची चौकशी करून देणे, येथल्या उन्हापावसाची आगाऊ सूचना देणे, ही कामे कोणत्याही अहवालात सापडणार नाहीत. आनंदीबाईंना बंगालमध्ये असे घर लाभले नाही. ते सातासमुद्रापलीकडे, एका परधर्मीय बाईंच्या ठायी लाभले. यंदा आपल्याकडील जी मुले बाहेरदेशी शिकावयास निघतील, त्यांना निरोप देताना ती ज्या गावी जाणार आहेत तेथील एखाद्या मराठी कुटुंबाचा पत्ता मंडळाने आठवणीने द्यावा. तो देताना तेथील हिवाळ्याविषयीही चार शब्द सांगावेत, एवढीच आमची विनंती आहे.