रहीमसाब : मैदानावरचे मास्तर

काचीगुडा, चादरघाट, सुलतान बाजार ही नावे हैदराबादच्या मराठी माणसाला घरच्यासारखी. याच काचीगुड्याच्या आणि चादरघाटच्या शाळांत एके काळी एक शिक्षक शिकवत होते. पुढे त्यांनीच भारताला फुटबॉलमध्ये दोनदा आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. शहरात सगळे त्यांना रहीमसाब म्हणत. आपल्या घरातल्या मुलांना त्यांची ओळख व्हावी, म्हणून आम्ही त्यांचे जीवन थोडक्यात सांगत आहोत.

रहीमसाबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते फुटबॉल खेळले आणि शिक्षण संपल्यावर शिक्षकी पेशात शिरले. नंतर शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन त्यांनी मैदानालाच आपला वर्ग केले. खेळाडू म्हणून त्यांचे नाव फारसे गाजले नाही. त्यांचे मोठेपण शिकवण्यात होते.

त्यांची पद्धत मास्तरांना शोभेल अशीच होती. जो पाय कच्चा, त्याच पायाने खेळायचे, अशा स्पर्धा ते मुलांसाठी भरवत. कधी ड्रिब्लिंगला मनाई करून केवळ पास देत खेळायला लावत. एकट्याने मिरवण्यापेक्षा चेंडू पटकन साथीदाराकडे देणे ही सवय त्यातून लागे. या शिस्तीचे फळ हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघात दिसले. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला.

१९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवले. प्रशिक्षक रहीमसाबच होते. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ अशी धूळ चारली. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट आले आणि रहीमसाबांनी खेळाची रचनाही बदलायला घेतली. चारच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. यजमान ऑस्ट्रेलियावरच्या ४-२ अशा विजयात मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या संघात रहीमसाबांचा मुलगा हकीम होता, पण वडील प्रशिक्षक असूनही त्याला एकाही सामन्यात मैदानावर उतरता आले नाही.

१९६२ साली जकार्ताला निघाले तेव्हा रहीमसाबांना कर्करोगाने ग्रासले होते. सुरुवातही वाईट झाली, पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरवले. त्यातच इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवण्याला एका भारतीय क्रीडा अधिकाऱ्याने आक्षेप घेतल्याने तिथले लोक भारतीयांवर खवळले होते. मधल्या सामन्यात बचावपटू जर्नैल सिंग यांचे डोके फुटले आणि टाके पडले. रहीमसाबांनी त्यांना बसवले नाही, उलट आघाडीला आणले, आणि त्यांनी उपांत्य सामन्यात गोलही केला.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी रहीमसाबांनी खेळाडूंकडे सुवर्णपदकाची भेट मागितली. ४ सप्टेंबरला सुमारे एक लाख प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. आपल्या बाजूने घोषणा देणाऱ्यांत पाकिस्तानचे हॉकीपटू होते! पी. के. बॅनर्जी आणि जर्नैल सिंग यांच्या गोलांनी भारताने त्याच दक्षिण कोरियाला २-१ असे नमवले. मागितलेली भेट मिळाली.

जेमतेम नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाब गेले. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेले नाही. २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा आपल्याच शहरातल्या अनेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले.

पालकांना आमची एक विनंती आहे. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले चेंडू घेऊन निघाली, की त्यांना एक सामना फक्त कच्च्या पायाने खेळायला सांगा. हा खेळ कुणी शोधला असे मुलांनी विचारले, तर काचीगुड्याच्या या मास्तरांची गोष्ट सांगा.