अंड्याला भाव मिळवून देणारे डॉ. बी. व्ही. राव

पुण्याहून सोलापूरकडे येताना उरुळी कांचन लागते. तेथल्या कुक्कुटपालन प्रशिक्षण संस्थेला डॉ. बी. व्ही. राव यांचे नाव आहे. थंडीत कोंबड्या कशा सांभाळाव्यात असे विचारणाऱ्या शेतकरी बंधूंनी हा माणूस माहीत करून घ्यावा. आपल्या शेडातली पांढरी कोंबडी त्यांच्याच कामातून आली.

बंडा वासुदेव राव यांचा जन्म १९३५ चा, तेलुगू मुलखातला. १९७१ साली त्यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हेच कामाचे केंद्र झाले. तोवर खेड्यात कोंबडी म्हणजे परसातली गावरान. रात्री खुराड्यात, आणि पिल्लांना ऊब आईच्या पंखाखाली. रावांनी देशातच जादा अंडी देणाऱ्या पक्ष्यांची पैदास उभी केली. बीव्ही ३०० ही जात त्यातलीच. लस, खाद्य, प्रशिक्षण याचीही सोय त्यांनी केली, कारण नुसती पिल्ले विकून धंदा उभा राहत नाही.

यंत्रात उबलेल्या पिल्लाला आई नसते, ते काम मालकालाच करावे लागते. सोलापूर उन्हाचा जिल्हा, इथे थंडी ती कसली, असे आपण म्हणतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कित्येकदा १५ अंशांखाली जातो आणि पहिल्या आठवड्याच्या पिल्लाला ३३ ते ३५ अंश ऊब लागते. पिल्ले येण्याआधीच ब्रूडर चालू करून जागा गरम करावी, खाली कोरड्या तुसाची दोन-तीन इंच गादी घालावी. पिल्ले बल्बखाली एकावर एक चढली तर थंडी वाजते आहे असे समजावे. खालची गुदमरून मरतात. कडेला पळाली तर ऊब जास्त झाली. वीज जाते हे धरून शेगडीची तयारी ठेवावी, धूर मात्र बाहेर गेला पाहिजे.

रावांचे मोठे काम १९८२ चे. अंड्याचा भाव व्यापारी ठरवीत आणि तो उत्पादन खर्चाच्याही खाली गेला होता. कित्येकांनी शेड बंद केले. रावांनी देशभर फिरून उत्पादकांच्या बैठका घेतल्या आणि त्यातून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. आपल्या मालाचा दर उत्पादकांनीच जाहीर करायचा, ही पद्धत तिने रूढ केली. ऊस-कांद्यावाल्यांना हे अजून पुरते जमलेले नाही!

१९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९६ मध्ये ते वारले. समितीचे दर आजही निघतात. हिवाळ्यात मागणी वाढते, दर सहसा चढा असतो. पण गारठलेली कोंबडी अंगातली ऊब टिकवायला खाद्य जास्त खाते आणि अंडी कमी देते. म्हणून रात्री वाऱ्याच्या बाजूला पोत्याचे पडदे सोडावेत, वर फूटभर फट ठेवावी, नाहीतर विष्ठेचा उग्र वास कोंडतो. उन्हं आली की पडदे वर. दिवस लहान असतो, तेव्हा अंड्यावरच्या कोंबड्यांना बल्ब लावून एकूण १६ तास उजेड द्यावा.